गावच्या फुटबॉल क्लबचा इतिहास कसा जुळवावा

सुरुवात जुन्या वृत्तपत्रांपासून करा. तारखा हाताशी असल्या की जुन्या खेळाडूंना नेमके प्रश्न विचारता येतात. पणजीत पाट्टोवरचे कृष्णदास शामा ग्रंथालय आधी गाठा. मराठीसाठी १९६२ पासूनचा 'गोमन्तक' पाहा; त्याआधीच्या काळासाठी पोर्तुगीज जाणणारे कुणी सोबत न्या.

सगळ्यात मोठा घोळ सालांचा. हंगाम दोन वर्षांत पसरतो. गोव्याच्या साळगावकर क्लबने राष्ट्रीय लीग जिंकली ती १९९८-९९ ची; नुसते '१९९९' लिहिले की वाचणारा पुढचा हंगाम धरतो. म्हणून दोन्ही साले लिहा आणि सामन्याची तारीख वेगळी नोंदवा. स्थापनेचेही तसेच: पोरे मैदानात उतरली ते साल वेगळे, संस्था नोंदवली ते वेगळे. दोन्ही छापा, म्हणजे वाड्यावरचे भांडण मिटेल (बहुधा).

फोटो ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. मागे मऊ पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे नावे लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो पावसाळ्यापूर्वीच सोडवा, दमटपणात ते कायमचे चिकटतात. टोपणनावापुढे पूर्ण नाव हवेच, एकाच संघात तीन 'बाबू' निघतात.