एपी सारखा ऑफलाइन जातोय? आधी दोन घड्याळं बघा

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या कॉलेजच्या किंवा कंपनीच्या आवारात दोन-अडीचशे एपी (वायफाय पसरवणारे अ‍ॅक्सेस पॉइंट) असले, की त्यांना सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर रोज चार-दोन लाल दिसतातच. तक्रार मात्र एकाच वाक्यात येते, ‘वायफाय गेलंय’. लगेच शिडी काढू नका. आधी कंट्रोलरवर त्या एपीचे दोन आकडे बघा: अपटाइम, म्हणजे एपी सुरू होऊन किती वेळ झाला, आणि जॉइन टाइम, म्हणजे कंट्रोलरला जोडून किती वेळ झाला.

दोन्ही आकडे लहान आणि जवळपास सारखे असतील तर एपी बंद पडून पुन्हा उठलाय. कारण बहुतेक वेळा वीज, केबल किंवा क्रॅश. अपटाइम ४० दिवस आणि जॉइन टाइम २० मिनिटं असेल, तर एपी जागाच होता, मधला रस्ता तुटला होता. अशा वेळी एपी बदलून काहीच साधत नाही. तरीही सगळ्यात आधी तोच बदलला जातो.

यानंतर एपीला केबलने नेटवर्क आणि वीज देणाऱ्या स्विचचा अपटाइम. तोही लहान असेल तर गोष्ट रॅकच्या यूपीएसपाशी संपते. महावितरणची वीज गेल्यापासून जनरेटर भार उचलेपर्यंत १०-१५ सेकंद जातात. यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर तेवढ्यात स्विच रीबूट होतो, तो उठायला काही मिनिटं, मग एपी उठायला आणखी काही. वापरणाऱ्याला तो दहा सेकंदांचा झटका आठ-दहा मिनिटांचा वाटतो. यूपीएसवर ‘१०० टक्के चार्ज’ दिसतं म्हणून विश्वास ठेवू नका. सुट्टीच्या दिवशी मेन बंद करून स्विच खरंच किती मिनिटं टिकतो ते मोजा.

पीओईचा हिशेब

पीओई म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच एपीला मिळणारी वीज. २४ पोर्टचा स्विच म्हणजे २४ एपी, असं नसतं. ८०२.३एटी या पीओई मानकाचा पोर्ट ३० वॅट देतो आणि १०० मीटरच्या टोकाला एपीला २५.५ वॅट मिळतील हे धरलेलं असतं. जुन्या ८०२.३एएफमध्ये हेच आकडे १५.४ आणि १२.९५. स्विचचं एकूण पीओई बजेट ३७० वॅट असेल आणि तो प्रत्येक एपीसाठी ३० वॅट राखून ठेवत असेल, तर १२ एपींतच बजेट संपतं. एलएलडीपी (एपी आणि स्विच एकमेकांना माहिती देतात तो प्रोटोकॉल) चालू असेल तर एपी नेमकी गरज सांगतो. २० वॅट मागणारे १८ एपी मग त्याच स्विचवर बसतात. जुने एपी काढून नवे वायफाय ६ चे लावल्यावर ‘हे नवेच खराब निघाले’ अशी ओरड होते, तेव्हा आधी ही बेरीज करा. बजेट संपलं की स्विच कमी प्राधान्याचा पोर्ट तोडतो. म्हणून सभागृह आणि परीक्षा विभागाच्या पोर्टना प्राधान्य वर ठेवा.

केबल, म्हणजे निम्मं दुखणं

एपी रविवारी ठणठणीत आणि सोमवारी दहाला लेक्चर भरलं की पडतो, असं असेल तर संशय केबलवर घ्या. गर्दीत रेडिओ जास्त वीज ओढतात, केबलमध्ये व्होल्टेज पडतं, एपी रीबूट होतो. यातला नेहमीचा चोर म्हणजे सीसीए केबल, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. ओळखायची सोपी रीत: तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरी चमक दिसली तर खोका परत पाठवा.

स्विचवर त्या पोर्टचे तीन आकडे बघा: लिंकचा वेग, सीआरसी एरर (वाटेत बिघडलेली डेटाची पाकिटं) आणि लिंक किती वेळा पडली. गिगाबिट पोर्ट १०० मेगाबिटवर आला असेल तर आठातली एखादी तार तुटलीय किंवा क्रिम्पिंग सैल आहे. सीआरसीचा आकडा शून्य करून तासाभराने पुन्हा बघा, वाढतोय का. बऱ्याच स्विचमध्ये केबल तपासायची सोय असते, कितव्या मीटरवर तार तुटलीय तेही ती सांगते. ९० मीटर पक्की केबल आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून १० मीटर, ही मर्यादा. वसतिगृहाच्या टोकाच्या खोलीपर्यंत ‘थोडीच तर जास्त आहे’ म्हणून ओढलेली ११५ मीटरची केबल उन्हाळ्यात दगा देते, कारण तापल्यावर तांब्याचा रोध वाढतो.

बाहेरच्या एपींचं गणित जूनमध्ये बदलतं. खाडीकाठची खारट, दमट हवा आरजे-४५ प्लगच्या पिनांवर हिरवट थर चढवते. ऐरोली-वाशीकडच्या आवारांत प्लग उघडला की तो दिसतोच. फक्त प्लग बदलू नका, जॅकही बदला. पाणी केबलच्या आवरणाच्या आत चढलं असेल तर तांबं लखलखीत दिसेपर्यंत केबल कापत मागे जा, नाहीतर नवी ओढा. केबल ग्लँडमध्ये (एपीत केबल शिरते तिथलं घट्ट बूच) नेहमी खालून वर घ्या आणि आधी लोंबतं वळण सोडा, म्हणजे पाणी तिथेच गळून पडतं. प्लगवर चिकटपट्टी आणि वर प्लास्टिकची पिशवी, हा उपाय ओल आत कोंडून ठेवतो. दोन इमारतींच्या मध्ये तांबं टाकूच नका. पावसाळ्याच्या तोंडावरच्या विजांत दोन्ही टोकांचे स्विच जातात, तिथे फायबरच हवी.

रस्ता तुटतो तेव्हा

अपटाइम मोठा, जॉइन टाइम लहान. एपी आणि कंट्रोलर कॅपवॅप या प्रोटोकॉलवर बोलत असतील तर यूडीपी पोर्ट ५२४६ कंट्रोलसाठी, ५२४७ डेटासाठी. मधल्या फायरवॉलमध्ये दोन्ही उघडे आहेत ना, ते बघा. कंट्रोलर दुसऱ्या ठिकाणी असेल तर १४७२ बाइटचं, तुकडे न होऊ देणारं पिंग (चाचणीचं पाकीट) पाठवा. हेडरचे २८ धरून ते १५०० होतं. ते अडकलं आणि लहान गेलं, तर एमटीयूचा, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल मापाचा घोळ.

एपीच्या व्हीलॅनचा (वेगळ्या आभासी नेटवर्कचा) डीएचसीपी पूल, म्हणजे आपोआप वाटायच्या आयपी पत्त्यांचा साठा, /२४ आकाराचा असेल तर पत्ते २५४ च. एपी त्याहून जास्त असतील तर वीज येऊन सगळे एकदम उठले की उशिरा येणाऱ्यांना पत्ता उरत नाही. कंट्रोलरचं लायसन्स २५० आणि एपी २६० असतील तर दर वेळी वेगळेच दहा बाहेर राहतात.

कंट्रोलर दोन असतील तर दोघांची फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) आवृत्ती जुळवा. नाहीतर एपी एकाकडून दुसऱ्याकडे गेला की नवी इमेज उतरवतो, रीबूट होतो, परत पहिल्याकडे येतो आणि तेच पुन्हा. दोन्ही घड्याळं अशा वेळी लहान दिसतात आणि माणसं वीज शोधत बसतात. कंट्रोलरची तारीख चुकली तर सर्टिफिकेट नाकारलं जातं आणि एकही एपी जोडत नाही, म्हणून एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा) चालू ठेवा.

वसतिगृहात एक खास प्रकार. कुणीतरी घरचा राउटर भिंतीच्या पोर्टला लॅनच्या बाजूने लावतो आणि तो आपले पत्ते वाटायला लागतो. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (परक्याला पत्ते वाटू देत नाही) आणि बीपीडीयू गार्ड (पोर्टला दुसरा स्विच लागल्याचं कळलं की पोर्ट बंद करतो) ही दोन कुलपं लावा.

एपी चालू, पण लोक तुटतात

एपी हिरवा आणि मोबाइल तुटतोय, तर चॅनल बघा. ५२ ते १४४ या डीएफएस (रडारसोबत वाटून वापरायच्या) चॅनलवर रडारची चाहूल लागली की एपीला तो चॅनल सोडून ३० मिनिटं दूर राहावं लागतं. विमानतळाला किंवा खाडीतल्या जहाजांना दोष देऊ नका, त्यांची नेहमीची रडार ५ गिगाहर्ट्झमध्ये नसतात. हवामानाची सी बँड रडार मात्र असतात, चॅनल १२० ते १२८ च्या आसपास. लॉगमध्ये रडारची नोंद पुन्हापुन्हा येत असेल तर त्या मजल्याला ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ वर ठेवा.

एवढं करूनही एकच एपी पडत असेल तर तो शेजारच्या चांगल्या एपीच्या जागी, त्याच्याच पोर्टवर दोन दिवस लावा. दुखणं एपीबरोबर गेलं तर वॉरंटीला पाठवा, पण फॅक्टरी रीसेट करण्याआधी क्रॅश फाइल (बिघाडाची नोंद) उतरवून घ्या. रीसेटमध्ये ती पुसली जाऊ शकते आणि कंपनीचा इंजिनीअर पहिल्यांदा तीच मागतो.