वारीला कोरे बूट घालून येऊ नका

प्रस्थानाला चार दिवस उरले की फोन सुरू होतात, ‘काका, कोणते बूट घेऊ?’ आता घेऊच नका, जुने रुळलेले असतील तेच घाला. आळंदी ते पंढरपूर साधारण 250 किलोमीटर चालायचं असतं. त्यासाठीचे बूट वैशाखात आणून रोज तासभर पायात घालावे लागतात.

तीन वर्षांपूर्वी आमच्या दिंडीत एक पंचविशीचा मुलगा आला, पायात महागडे, कोरे बूट. पुणे-सासवड टप्पा तीसेक किलोमीटरचा, त्यात दिवे घाट. बूट हडपसरलाच चावायला लागला. ‘काढ, टाचेला पट्टी लाव,’ म्हटलं, तर म्हणाला, ‘चालून चालून सैल होईल.’ सासवडला मोजा टाचेला चिकटला होता. रात्री त्याने ब्लेडने फोडाचं कातडंच कापून टाकलं. पुढे पाऊस, चिखल. जेजुरीत टाच लालभडक सुजली आणि पोराला एसटीने घरी जावं लागलं. बसमध्ये चढताना तो रडत होता, ते माझ्या मनातून जात नाही.

फोडाचं कातडं काढू नका, तेच खालच्या जखमेचं पांघरूण असतं. मी तर नुसतं चुरचुरलं तरी थांबतो आणि कागदी चिकटपट्टी लावतो. प्रत्येक विसाव्याला बूट-मोजे काढून पाय पिशवीवर उंच ठेवतो. पाच मिनिटं वाचवणारे पुढे पाच दिवस लंगडतात.

दुसरी चूक मऊपणाची. दुकानात तळ अंगठ्याने दाबतात आणि ‘गादीसारखा आहे’ म्हणून घेतात. गादी झोपायला ठीक, चालताना पाय त्यात डुगडुगतो. बूट टाचेकडे दाबून बघा, चेपला नाही पाहिजे. तो चवड्यापाशी वाकावा, मधोमध नाही. ओल्या कपड्यासारखा पिळता येत असेल तर ठेवून द्या.

खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. माप मोठ्या पायाचं घ्या. पुढे अंगठाभर जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. ओले मोजे लगेच बदला.

साध्या चपलेत चालणाऱ्या मावशींचं बघून चप्पल घालू नका. त्यांच्या पायांना जन्माची सवय आहे.

मधुमेह असेल तर अनवाणी चालण्याचा नवस बोलू नका. पाय बधिर असला तर तापलेलं डांबर आणि रुतलेला काटा कळतच नाही. रोज रात्री तळवे कुणाकडून तरी बघून घ्या, माऊली.