कम्युनियन घेताना या चुका टाळा

कम्युनियन म्हणजे मिस्सेत, म्हणजे कॅथोलिक चर्चमधल्या उपासनेत, अभिषेक केलेली भाकरीची पातळ चकती ख्रिस्ताचे शरीर म्हणून ग्रहण करणे. भुसावळात पहिल्या कम्युनियनच्या मुलांना मी बरीच वर्षे शिकवत आलो आहे आणि दरवर्षी त्याच त्या चुका पाहून आता कंटाळलो आहे. सर्वांत मोठी चूक आपल्या शब्दातच दडलेली आहे. आपण कम्युनियनला ख्रिस्तप्रसाद म्हणतो आणि प्रसाद म्हटला की तो घरी नेऊन चौघांत वाटायचा, हे खानदेशात लहानपणापासून अंगवळणी पडलेले असते. एका नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत नऊ-दहा वर्षांचा मुलगा ख्रिस्तशरीर तळहातावर घेऊन सरळ बाकाकडे वळला. मी मागोमाग गेलो, तोवर त्याने ते रुमालाच्या घडीत ठेवून शर्टाच्या खिशात घातले होते. “आजीला बरं नाही, तिच्यासाठी नेतोय,” असे तो म्हणाला. त्याच्यावर रागवायचे तरी कसे? मी रुमाल घडी न मोडता फादरांकडे दिला. त्यांनी ख्रिस्तशरीर स्वतः ग्रहण केले, रुमालावरचे कण पाण्याने धुतले आणि दुसऱ्या दिवशी आजीच्या घरी जाऊन तिला कम्युनियन दिले. आजाऱ्यांसाठी हाच मार्ग आहे. ख्रिस्तशरीर देणाऱ्याच्या समोरच ग्रहण करावे आणि विटंबनेची शंका असेल तर हातावर देऊच नये, असे व्हॅटिकनच्या २००४ च्या सूचनापत्रात स्पष्ट म्हटले आहे. मी मुलांना एक पाऊल बाजूला सरकून, वेदीकडे तोंड ठेवूनच ते मुखात घालायला लावतो; चालता चालता खाणे मला मुळीच खपत नाही.

दुसरा घोळ हातांचा. प्रसाद उजव्या हातात घ्यायचा या सवयीने वडीलधारी माणसे उजवा तळहात वर धरतात आणि मग डाव्या हाताने उचलायचे कसे, म्हणून अडखळतात. चौथ्या शतकात जेरुसलेमचे संत सिरिल यांनीही डाव्या हाताला उजव्याचे सिंहासन करायला, म्हणजे उजवा हात वर ठेवायला सांगितले होते, तेव्हा या वडीलधाऱ्यांना चूक म्हणवत नाही. परंतु उजव्या हाताने उचलायचे असेल तर डावा तळहात वर ठेवणेच सोयीचे, असे माझे मत आहे. चिमटीने हिसकून घेणे मात्र कोणत्याही हाताने नको. जिभेवर घ्यायचे असल्यास तोंड नीट उघडावे.

“ख्रिस्ताचे शरीर” याला उत्तर “आमेन” एवढेच. “थँक यू, फादर” नव्हे. नमन पुढचा माणूस घेत असतानाच करावे. ख्रिस्तशरीर द्राक्षारसात स्वतः बुडवून घेण्यास मनाई आहे. उपवास एक तासाचा असून तो मिस्सेपूर्वी नव्हे, तर कम्युनियनपूर्वी मोजायचा असतो; पाणी व औषध चालते आणि वृद्ध व आजारी माणसांना त्यातून सूट आहे.

शनिवारी संध्याकाळी येऊन “सर, पटकन दाखवा, उद्या आहे” म्हणणाऱ्या पालकांना मी परत पाठवतो. सरावासाठी मी अभिषेक न झालेल्या साध्या चकत्या वापरतो आणि दर वर्गात एखादी तरी जमिनीवर पडतेच. खरोखरच्या वेळी तसे झाले तर रांगेतल्या कोणीही पाय हलवू नये. देणारा स्वतः ती उचलतो.