डिझेल गाडीला पार्किंग हीटर बसवण्याआधी हे बघा

जर्मनीत जुनी डिझेल गाडी घेतलेल्यांसाठी. डिझेल इंजिन वाया जाणारी उष्णता कमी देतं म्हणून थंडीत केबिन लवकर गरम होतच नाही, पण नवा पार्किंग हीटर, म्हणजे इंजिन बंद असतानाही केबिन गरम करणारा हीटर, घ्यायच्या आधी गाडीत त्सुहाइत्सर (Zuheizer, डिझेल जाळून इंजिनाच्या उष्णतेत भर घालणारा जादा हीटर) आहे का ते बघा, बऱ्याच डिझेल गाड्यांत वेबास्टो किंवा एबरश्पेखर या हीटर बनवणाऱ्या कंपन्यांचा, गाडीच्या कंपनीनेच बसवलेला असतो, फक्त तो इंजिन चालू असतानाच चालतो. तो असेल तर बऱ्याचदा टायमर किंवा रिमोटचं किट, काही गाड्यांत वेगळा पाण्याचा पंप, एवढ्यावर पार्किंग हीटर होतो आणि खर्च खूप वाचतो. काम मात्र वर्कशॉपकडूनच करून घ्या. आणि प्लीज, बंद गॅरेजमध्ये हीटर कधीच चालू करू नका, त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. पेट्रोल पंपावरही बंदच ठेवा. बॅटरीसाठी, जेवढा वेळ हीटर चालवला तेवढा वेळ तरी गाडी चालवा.