मराठी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर बिघडते? फॉन्टच्या या चुका टाळा

राजेंद्रनगरच्या गणेशोत्सवाचे पत्रक असो की रामबागेतल्या मुंजीची पत्रिका, इंदुरात हिंदी टायपिंगच्या दुकानात मजकूर करून घेतला तर तो बहुधा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतो. घरी तीच फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मग सगळा मजकूर निवडून ‘मंगल’ फॉन्ट लावला जातो. सर्वांत मोठी चूक हीच. कृतिदेवच्या फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरेच; फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. मंगल युनिकोडचा, म्हणजे देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीचा, असल्यामुळे कितीही वेळा लावला तरी काही बदलत नाही.

इथे मजकूर बदलून देणारा कृतिदेव-युनिकोड कन्व्हर्टरच लागतो, आणि त्यानंतर एक बारकाईचे वाचन. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टाइप करतात. युनिकोडमध्ये क्रम उलटा. कन्व्हर्टर चुकतात ते तिथेच. हिंदीसाठी केलेला कन्व्हर्टर असेल तर ‘ॲ’ आणि ‘ऱ्या’ आवर्जून तपासा. पत्रिकेत ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ छापले गेले तर फार वाईट दिसते.

नवा मजकूर थेट युनिकोडमध्येच करा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन असे जाऊन मराठी जोडा. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की कीबोर्ड बदलतो. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर ‘ऱ्य’साठी शिफ्टसह जे, मग डी, मग ‘य’ची कळ.

वेलांटीसोबत ठिपक्यांचे वर्तुळ आले तर समजा, कृतिदेवच्या सवयीने वेलांटी आधी टाइप झाली आहे. ती खोडून अक्षरानंतर द्या. रिकामे चौकोन दिसले तर मजकूर शाबूत आहे, फक्त त्या फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. निर्मला यूआय हा फॉन्ट लावून पाहा.

डाउनलोड केलेला फॉन्ट झिप फाइलमधून बाहेर काढूनच इन्स्टॉल करा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा.

छपाईला वर्डची फाइल देऊ नका, पीडीएफ द्या. तिच्यात फॉन्ट सोबत जातो. छापखान्यात जुन्या फोटोशॉपमध्ये जोडाक्षरे फुटत असतील तर पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतले ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ चालू करायला सांगा. पेजमेकर या पाने जुळवण्याच्या जुन्या प्रोग्रॅमला युनिकोड कळतच नाही. तिथे मजकूर उलट कृतिदेवमध्ये बदलूनच द्यावा लागतो.