नव्या सरांच्या यादीतला कुठला शब्द धरायचा?

पीएचडीसाठी गाइड शोधताना विभागाच्या पानावरची ‘संशोधनाचे विषय’ ही ओळ मी हॉटेलातल्या मेनूकार्डासारखी वाचली. नव्याने रुजू झालेल्या सरांच्या नावापुढे होतं: पेरोव्स्काइट सौर घट, पातळ थर, गॅस सेन्सर. मला पहिला शब्द आवडला (पेरोव्स्काइट म्हणजे सौर घटात वापरायचा एक स्फटिकी पदार्थ), झालं!

नव्या प्राध्यापकांना गाठा, हे मी आजही सांगेन. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला एका वेळी ४ विद्यार्थी घेता येतात, प्राध्यापकाला ८. पण ज्येष्ठांच्या जागा बहुधा भरलेल्या, आणि निवृत्तीला ३ वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही. नव्यांकडे जागा असते. मात्र यादीतलं काय इथे होतंय आणि काय जुन्या प्रयोगशाळेतच राहिलंय, ते आपल्यालाच हुडकावं लागतं.

सरांचे पेरोव्स्काइटवरचे सगळे पेपर कोरियातले, पोस्टडॉकच्या म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या काळातले. तिथे नायट्रोजन भरलेला ग्लोव्हबॉक्स होता, म्हणजे हातमोज्यांतून आत काम करायची हवाबंद पेटी. आमच्याकडे ओल धरलेल्या भिंतींची खोली, आणि या पदार्थाला तर दमट हवा सोसतच नाही. संध्याकाळी स्पिन कोटरवरून (गरगर फिरवून पातळ थर पसरवणारं यंत्र) उतरवलेली गडद तपकिरी फिल्म जुलैत सकाळपर्यंत कडेने पिवळी पडायची. पदार्थ मोडून त्यातलं लेड आयोडाइड सुटं झालेलं. ग्लोव्हबॉक्सची कोटेशनं आणि तुलनात्मक तक्ते यातच दीड वर्ष गेलं. शेवटी गॅस सेन्सरवर आले. त्याची भट्टी पहिल्या दिवसापासून कोपऱ्यात चालू होती.

इतिहासातल्या मैत्रिणीची तऱ्हा निराळी. तिच्या मॅडमच्या नावापुढे ‘अठराव्या शतकातलं ग्रामीण अर्थकारण’ एवढंच. या चार शब्दांचा अर्थ निघाला मोडी लिपी! पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचा रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) सोडला की आपल्यासारख्याला एक ओळ धड लागत नाही. सहा महिने ती नुसती अक्षरं लावत होती. गणितवाल्या मित्राला ना भट्टी लागली ना रुमाल. त्याला फक्त सरांचा वेळ हवा होता, आणि तोच मिळेना.

तेव्हा आधी गेल्या दोन-तीन वर्षांतले पेपर काढा आणि लेखकाच्या नावाखालचा पत्ता बघा. (रुजू होऊन वर्षच झालं असेल तर पत्ता जुनाच दिसणार, त्यावरून नावं ठेवू नका.) मेलमध्ये ‘आपल्या कार्याने प्रभावित होऊन’ नको; त्यांच्याच एखाद्या आलेखाबद्दल प्रश्न विचारा. भेटायला गेलात की प्रयोगशाळा बघायला मागा. आणि मंजूर झालेला प्रकल्प नेमका कशावर आहे, हे विचारायला लाजू नका. मी लाजले होते.