कमी कार्बनची सोसायटी करताय? या चुका टाळा, आणि आधी कुरडयांचं ठरवा

लातुरातल्या एका ओळखीच्या सोसायटीत सोलरची मीटिंग होती. चोवीस फ्लॅट, तीन मजले, लिफ्ट नाही. व्हेंडरनं लॅपटॉपवर गच्चीचा नकाशा दाखवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत निळा. पुढच्या रांगेतल्या पुरुष मंडळींनी माना डोलावल्या. मागं दाराशी उभ्या एका मावशी म्हणाल्या, "ते समदं ठीक हाय हो, पण कुरडया कुठं घालायच्या?" हशा पिकला आणि ठराव मंजूर झाला.

पुढच्या चैत्रात मी वर गेलो तर पॅनलवर जुनी साडी अंथरलेली, तिच्यावर कुरडया. पॅनल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळं दोघा-तिघांवर सावली पडली तरी सगळी रांग ढेपाळते. सेक्रेटरी महिनाभर कंपनीला फोन करत होते की वीज कमी का होतेय.

यात मावशींची चूक शून्य. मराठवाड्यात गच्ची म्हणजे वाळवणाचं अंगण आणि मे महिन्यातली झोपायची खोली. ती परस्पर घेतली की लोक ती आपल्या पद्धतीनं परत घेतात. सांगाडा माणूस खालून चालेल इतका, सात-आठ फूट उंच करता येतो. आपल्याकडं दुपारचा सूर्य वर्षातला बहुतेक काळ दक्षिणेकडं असतो, त्यामुळं पॅनलची सावली उत्तरेला पडते, म्हणजे दक्षिणेचा पट्टा वाळवणाला मोकळा आणि पॅनलखाली दुपारची सावली फुकट. खर्च वाढतो, आणि वळवाच्या वाऱ्याचा हिशोब इंजिनिअरकडून करून घ्यावाच लागतो. पण हे नकाशा आखायच्या आधी ठरलं तरच. वेल्डिंग झाल्यावर कुणी उंची वाढवत नाही.

७८ हजारांचा घोळ

फेब्रुवारी २०२४ मध्ये छतावरच्या सोलरला अनुदान देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली तेव्हापासून ही चूक हमखास दिसते. ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान, हा आकडा एकट्या घराचा आहे. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागं १८,००० रुपये. चेअरमन पहिला आकडा गुणिले चोवीस करून सभेत सांगतात, खरा समजल्यावर लोकांना वाटतं मधले पैसे कुणीतरी खाल्ले. तिथून पुढं त्या बिल्डिंगमध्ये कुठलंच काम होत नाही. सामायिक मीटर कुणाच्या नावावर आहे तेही आधी बघा. अनेक ठिकाणी तो अजून बिल्डरच्याच नावावर निघतो आणि अर्ज तिथंच अडकतो.

त्याआधीही एक पायरी आहे, ती बहुतेकजण गाळतात. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगचं सामायिक बिल म्हणजे मुख्यतः पाण्याची मोटर. टाकी भरून वाहत असेल, फूट व्हॉल्व्ह (मोटरच्या पाइपच्या तळाची झडप) गळका असेल, तर सोलर लावून तुम्ही फक्त गळतीला ऊन पाजताय. घरातला जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा ३० ते ३५. आधी हे, मग पॅनल.

"मातीचं घर? नको बाबा"

नवीन वसाहत बांधताना सिमेंट कमी करायचा विषय निघाला की लातूर-धाराशिवकडं किल्लारीचा भूकंप आठवतोच. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशीच गणपती बोळवलेले. बाहेरून आलेले सल्लागार मातीच्या विटांचं गुणगान सुरू करतात तेव्हा समोर बसलेल्या माणसानं मलब्यातून कुणाला तरी काढलेलं असतं. हा विषय टाळू नका, पहिल्या दहा मिनिटांत स्वतःहून काढा. ती घरं पडली ती नुसत्या मातीमुळं नाही. जाडजूड भिंतीच्या आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांना बांधलेला नव्हता, आरपार दगड नव्हते, भिंतीभोवती बांधून घेणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्या नव्हत्या, आणि डोक्यावर माळवदाचा मातीचा भार. जोत्याला, खिडकी-दारांच्या वर आणि छताखाली पट्टी, कोपऱ्यांना सळई आणि छत हलकं, एवढं दाखवलं की बोलणं पुढं सरकतं. नाही पटलं तर परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या विटा आहेतच. फक्त त्या कच्च्या उचलू नका. पाणी कमी मारलेल्या विटेवर गिलावा तडकतो. दोन विटा एकमेकींवर वाजवा, खणखणीत आवाज यायला हवा.

एक टन सिमेंटमागं अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला मोठा वाटा चुनखडी भाजताना खुद्द दगडातूनच निघतो, तो सोलरनं भरून येत नाही. म्हणून जुना धड वाडा पाडून "ग्रीन" बिल्डिंग उभी करायची कल्पना मला तरी कळलेली नाही.

किल्लारीनंतरचा दुसरा धडा कुणी काढत नाही. ५२ गावं नव्या जागी वसवली, बऱ्याच ठिकाणी एकसारखे चौकोनी प्लॉट आणि शहरासारखे सरळ, रुंद रस्ते. भावकी विखुरली, जनावरं बांधायला जागा नाही. जिथं जुन्याच जागी लोकांनी आपापलं घर स्वतः दुरुस्त करून मजबूत केलं, तिथं ओसरीसुद्धा जागेवर राहिली. नवी वसाहत आखताना कोण कुणाशेजारी राहणार हा प्रश्न आर्किटेक्टच्या टेबलावर पहिल्या दिवशी हवा.

पांढरा स्लॅब, काळी माती

उन्हाळ्याआधी स्लॅबला पांढरा थर दिला की वरच्या मजल्याची भट्टी थोडी थंड होते. भांडण मात्र ठरलेलं: फायदा तिसऱ्या मजल्याला, वर्गणी तळमजल्याला का? वॉटरप्रूफिंगच्या सामायिक खर्चात घाला, निम्मा वाद संपतो. गळती काढल्याशिवाय आणि धूळ धुतल्याशिवाय थर मारू नका, पोपडे निघतात.

पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा पायाला लागून घेऊ नका. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भिंतीला तडे जातात. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी लातूरकर विसरलेले नाहीत, त्यामुळं या कामाला वर्गणी पटकन निघते. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह मात्र कुणाच्या तरी नावानं लावून द्या, नाहीतर जूनमध्ये खड्ड्यात गाळ.

आणि पॅनल पुसायचं काम. बोअरच्या पाण्यानं धुतले तर क्षाराचे पांढरे डाग काचेवर बसतात. सकाळी ऊन चढायच्या आत ओल्या मऊ फडक्यानं पुसलेलं बरं. त्या सोसायटीत हे काम आता मावशींच्या गटाकडं आहे, कारण दक्षिणेचा पट्टा शेवटी त्यांना मिळाला. मध्यंतरी दोन महिने पॅनल धुळीनं माखले होते. गच्चीची एकुलती एक किल्ली घेऊन चेअरमन पुण्याला मुलाकडं गेले होते.